मार्थाचं दुकान, माझी ओसरी

मार्था,

भांडण अर्धं टाकून उठायची तुझी सवय नव्हती. शेवटचा शब्द आपला झाल्याशिवाय तू पाण्याला तोंड लावायची नाहीस. आणि या वेळी काय केलंस? ताप अंगावर काढलास, अंथरूण धरलंस आणि आपलं इतक्या वर्षांचं भिजत घोंगडं तसंच ठेवून निघून गेलीस. शिवणकाम घरी बसून करावं की भाड्याच्या दुकानात, याचा निकाल लागलाच नाही. तुझ्याशी आता बोलायचंच नाही असं मी ठरवलं होतं. पण मला राहवत नाही, आणि तुझ्याइतकं माझं न ऐकणारं दुसरं माणूस राहुरीत उरलेलं नाही.

तुला माती दिली त्याला पंधरवडा होत आला. चर्चच्या पाळकांनी तुझ्याबद्दल फार चांगलं सांगितलं. मार्थाबाई शांत स्वभावाच्या होत्या, असंही म्हणाले. मी मान खाली घातली, नाहीतर मला हसू आलं असतं. कबरस्तानाच्या भिंतीपलीकडे पेठेतल्या आणि मळ्यांवरच्या बायका उभ्या होत्या. आत यावं की नाही ते त्यांना कळेना, कारण त्यांच्यात बायका अशा जागी जात नाहीत. डोक्यावर पदर घेऊन तशाच उन्हात उभ्या राहिल्या. जिच्या तिच्या अंगात तुझी शिवण. तुझी बाही मला लांबूनसुद्धा ओळखू येते, खांद्यापाशी तू जरा जास्तच दाबायचीस. हे मी तुला कितीदा सांगितलं होतं.

तर आता असं झालंय की महिना संपायच्या आत तुझ्या दुकानाचे मालक बागवान चाचांना उत्तर द्यायचंय. दुकान ठेवायचं की सोडायचं? तुझे दादा म्हणतात सोडा. आमचे मास्तर म्हणतात, “ओसरी एवढी मोठी पडलीय, भाडं कशाला भरायचं?” मार्था, हे वाक्य माझं. मी ते इतक्या वेळा तुझ्या तोंडावर फेकलंय की त्याच्या कडा झिजल्या असतील. पण नवऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि मला ते पटेना. म्हणून आज बसून हा निकाल लावून टाकते. तू नुसती ऐक. मध्ये बोलू नकोस.

तुला आठवत असेल, तुझं पायमशीन बैलगाडीतून माझ्या दारात आलं तो दिवस. नगरच्या बोर्डिंगात आपण दोघी एकाच बाकावर शिवण शिकलो. मग माझं लग्न मास्तरांशी झालं आणि मी राहुरीला आले. तुझं लग्न झालं, आणि ते सुख तुला फार दिवस लाभलं नाही. तू इथेच राहुरीत भावाकडे परतलीस ती एक पेटी आणि ते मशीन घेऊन. दादांच्या घरी मशीन ठेवायची ती एकच खोली, आणि तिच्यात वहिनींचे कांदे. वहिनी म्हणाल्या, कांदे कुठं ठेवू? तू म्हणालीस, कांद्यांना राहू द्या, त्यांना जायला जागा न्हाई. आणि मशीन घेऊन माझ्याकडे आलीस.

काय दिवस होते ते. तिकडे लढाई चाललेली, इकडे कापड कंट्रोलचं. नवं कापड मिळायचं नाही म्हणून लोक जुन्याचं नवं करून घ्यायचे. लुगड्याचा धड राहिलेला भाग काढून परकर शिवायचा, मास्तरांच्या कोटाची आतली बाजू बाहेर आणायची. ओसरीवर समोरासमोर आपली दोन मशीनं. तू पाय मारायला लागलीस की माझ्या सासूबाईंची निवडायला घेतलेली डाळ सुपात नाचायची. आपण सुखी होतो, असं मला वाटत होतं. मला अजूनही तसंच वाटतं.

तुला मात्र तसं वाटत नव्हतं. पोलकं टाकायला आलेली बाई जेवूनच जाते, हे तुझं पहिलं गाऱ्हाणं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं तू प्रत्येक गिऱ्हाइकामागं पुटपुटायचीस. सासूबाई खांबाला टेकून बसायच्या आणि जी बाई येईल तिच्या मापावर बोलायच्या. “मागल्या साली बारीक हुतीस गं, औंदा काय झालं?” त्या बाईचं तोंड उतरायचं. आणि मी? हात शिवणीवर, कान चुलीवरच्या दुधाकडं. मास्तरांचा चष्मा सापडत नाही, शेजारणीला विरजण हवंय, की मी उठलेच.

“सगुणे,” तू एकदा म्हणालीस, “चांभार आरी टाकून उठला का कुनी दिवसातनं धा येळा? त्याला कुनी म्हन्तं का, जरा दूध बघ? तुझं मशीन थांबलं तर कुनाला वाटतच न्हाई काम थांबलं म्हनून.”

मी म्हटलं, चांभाराचं दूध कोण बघतं ते आधी चांभारणीला विचार. त्यावर आपण दोघी इतक्या हसलो की तुझी टीप वाकडी गेली. पण तुझ्या डोक्यातलं खूळ काही गेलं नाही.

मोटार स्टँडजवळ, बागवान चाचांच्या फळांच्या दुकानाला लागून तो गाळा रिकामा झाला, आणि तू जाऊन बोलूनही आलीस. नंतर घरी सांगितलंस. दादा माझ्या ओसरीवर येऊन बसले, जसं काही मीच तुला फूस लावली होती. “बाईमानूस पेठंत दुकान मांडून बसनार? लोक काय म्हन्तील?”

तू मान वर न करता काज करत होतीस. “दादा, पेठंत भाजीवाल्या बसत्यात. बागवानीन आंब्याच्या पाट्या घिऊन बसती. बोंबीलवाली तर पार चौकात बसती. तवा कुनी काय म्हन्लं न्हाई. बाई जमिनीवर बसली तर चालतं, आन पायऱ्या चढून वर बसली की चालत न्हाई, असं हाय व्हय?”

दादा उठून गेले.  मी तुझ्या बाजूनं बोलले नाही, कारण माझं मत वेगळं होतं आणि तुझ्यापुरतं ते बदलायची मला गरज वाटली नाही. तू तुझं मशीन उचललंस. माझं ओसरीवरच राहिलं. तू कापड घ्यायचीस, बेतायचीस, आणि निम्मं काम माझ्याकडे यायचं. मी शिवून नेऊन द्यायचे, उभ्या उभ्या तुझ्याशी भांडायचे आणि घरी यायचे. तुझ्या दुकानात मी कधी बसले नाही. तू बस म्हणायचीस, मी म्हणायचे दूध उतू जाईल.

आणि मग माझं भाकीत खरं ठरलं. पुढच्या पायऱ्या चढून एकही बाई वर येईना. समोर मोटारी थांबायच्या, हमाल, ड्रायव्हर, विड्या ओढणारी मंडळी. त्यांच्यादेखत दंडाला टेप कोण लावून घेणार? मग बायकांनी आपली युक्ती काढली. आपल्याकडे मापाची चोळी द्यायची पद्धत आहेच. अंगाला नीट बसणारी जुनी चोळी खणासोबत द्यायची, तिच्यावरून नवी बेतायची. पूर्वी ती चोळी घेऊन बाई स्वतः यायची. आता पुरुष यायला लागले. धोतराच्या घोळात चोळी लपवून आणायचे, इकडे तिकडे बघून तुझ्यापुढं टाकायचे, आणि माप कुणाचं हे विचारायच्या आत पायऱ्या उतरायचे.

वांबोरीच्या वाटेवरच्या मळ्यातले रंगनाथराव असेच आले. मुलीचं लग्न, खणांचा गठ्ठा, मापाची एक चोळी. तू त्याबरहुकूम सगळ्या चोळ्या बेतल्यास, मी शिवल्या, आणि आपण दोघींनी काजावर काज असं काम केलं की तसं पुन्हा व्हायचं नाही. हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्या ओसरीपुढं बैलगाडी थांबली. गाडीत नवरी, तिची आई आणि रंगनाथरावांच्या मातोश्री बायजाबाई. रंगनाथराव स्वतः बैलांपाशी उभे, बैलांचं तोंड न्याहाळत.

“कोन शिवलं ह्ये?” नवरीच्या आईनं चोळी दोन्ही हातांनी ताणून धरली. “हिच्यात माझी पोर दोनदा बसंल.”

मी तुला बोलावणं धाडलं. तू दुकानाला कुलूप लावून आलीस, ती मापाची चोळी हातात घेऊन. नवरीला लावून पाहिली, नवरीच्या आईला लावून पाहिली, आणि शेवटी तुझी नजर बायजाबाईंवर गेली. अंगानं भरभक्कम बाई. गाडीत निम्मी जागा त्यांचीच होती.

“दादा,” तू रंगनाथरावांना विचारलंस, “माप कुनाचं आनलं हुतं?”

“वळनीवर वाळत हुतं ते.” ते बैलालाच सांगत होते.

“पन कुनाचं?”

“आता ते मला काय ठावं? ओट्यावर आई बसल्याली. तिच्यादेखत बायकूला कसं इचारू, पोरीची चोळी कंची म्हनून? जी हाताला लागली ती वढली आन निगालो.”

नवरीच्या आईला राग ठेवावा की सोडावा कळेना. आईसमोर बायकोशी न बोलणारा हा जगातला एकटाच नवरा नव्हता, हे तिलाही माहीत होतं. तेवढ्यात बायजाबाई आमच्या माजघरात गेल्या आणि त्यातलीच एक चोळी घालून बाहेर आल्या. खण हिरवागार, काठ लाल. आपल्या दंडाकडं बघत त्या म्हणाल्या, “मला बसली की गं. लई दिसानं नवी चोळी बसली. ही काय मी काडत न्हाई.” आणि खरंच काढली नाही. नातीच्या लग्नात ती चोळी मिरवली.

बाकीच्या चोळ्या आपण उसवल्या. दिवसभर दोन मशीनं चालली, तुझं दुकानात म्हणून माझं आणि शेजारच्या शिंपीणबाईंचं हातमशीन. नवरीला टेप लावला तर तिला गुदगुल्या होऊन ती खाली बसली. आत्तापर्यंत तिचं माप कुणी घेतलंच नव्हतं. निघताना बायजाबाई तुला म्हणाल्या, “आगं, तितं मोटारीम्होरं कशाला जाऊन बसलीस? हितं असतीस तर आमी बायकाच आलो असतो.”

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही. मी तुझ्याकडं पाहिलं आणि नुसतं, “बघ,” म्हटलं. संध्याकाळपर्यंत ते मी बऱ्याच जणींना म्हटलं.

मला वाटलं, आता तू गाठोडं बांधून ओसरीवर येणार. तू गेलीस ती सरळ बागवान चाचांकडं, आणि म्हणालीस की दुकानाची मागची भिंत फोडून तिथं दार करायचंय. चाचा हातातलं केळं सोलायचं विसरले. “बेटी, तुला दुकान दिलं होतं. मी तर इमारत वाचवून जन्नतला जायच्या विचारात आहे.”

तुझं म्हणणं सरळ होतं. दुकानाच्या मागं बोळ आहे. बाजाराला येणाऱ्या बायका मोटार स्टँड टाळून त्याच बोळातून जातात. त्यांना पायऱ्या चढायच्या नसतील तर पायऱ्यांनी का यावं? आत एक पडदा लावायचा, पडद्यामागं माप घ्यायचं. पुढून कापड येईल, मागून बाई येईल. “आन चाचा, दार झालं की त्या बायका तुमची केळी बी मागनंच घेत्याल. पोरं कडंवर असत्यातच.” केळ्यांवर चाचा विरघळले.

त्या दारानं राहुरीतल्या बायका आल्या, टाकळीच्या आल्या, देवळालीच्या आल्या. माप देऊन झालं तरी बसायच्या. पाठ टेकायच्या, पाणी प्यायच्या, पोराला पाजायच्या. बाजारच्या दिवशी त्यांना सावलीत बसायला दुसरी जागाच नव्हती, हे आपल्या आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी तुला टोमणा मारला, की घरातून पळून दुकानात गेलीस आणि दुकानाची पुन्हा ओसरी केलीस. तू म्हणालीस, “ओसरी खरी, पन हितं कुनी माझ्याकडं विरजान मागत न्हाई.”

एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती, तुला माहीत असणारच. सासूबाई दुपारच्या पाळकीणबाईंकडं जाऊन येते म्हणून निघायच्या, आणि परत यायच्या तेव्हा ओच्यात केळी आणि तोंडात सगळ्या पेठेच्या बातम्या. पाळकीणबाईंकडं केळीची बाग आहे की काय, असं मास्तरांनी विचारलं तर म्हणाल्या, “परभूची कृपा.” मी काही बोलले नाही. त्या तिकडं गेल्या की ओसरी शांत असायची, आणि शांत ओसरीवर मला फार करमायचं नाही.

स्वातंत्र्य आलं त्या दिवसांत तर तुझ्या दुकानात हात ठेवायला जागा नव्हती. ज्याला त्याला झेंडा हवा. शाळेला हवा, तालमीला हवा, मळ्यात बैलगाडीला लावायला हवा. बायजाबाई गाडी घेऊन आल्या आणि बोळ सोडून सरळ पुढच्या पायऱ्या चढल्या, ड्रायव्हर-हमालांच्या मधून, डोक्यावर पदर, काखेत कापड. तू म्हणालीस, आज्जी, मागनं यायचं की. त्या म्हणाल्या, “चोळी मागनं न्यावी. झेंडा काय मागच्या दारानं न्यायाचा आस्तो व्हय?” त्यानंतर काही बायका पुढूनच यायला लागल्या. सगळ्या नाही. पण यायला लागल्या.

आता मला ते सांगू दे जे आपण दोघी एकदाच बोललो आणि पुन्हा काढलं नाही. तुझा ताप चढलेला होता. मी तुझ्या उशाशी बसून घरचीच बाजू लावून धरली होती, कारण दुसरं काही बोलले असते तर तू ओळखलं असतंस की मी घाबरलेय. म्हटलं, बरी झालीस की ये परत ओसरीवर, भाडं वाचेल, दगदग वाचेल. तू डोळे मिटूनच होतीस.

“सगुणे, तुला घर हाय, म्हनून तुला घरात बसून काम सुचतं. सासरी मी नवऱ्याची म्हनून हुते. दादाकडं दादाची भन म्हनून हाय. त्या गाळ्याचं कुलूप उघाडते ना मी सकाळी, तवा कुनाची कोन म्हनून उघाडत न्हाई.”

 एरवी मी काहीतरी ठोकून दिलं असतं. त्या दिवशी नुसती तुझ्या कपाळावरची ओल्या फडक्याची घडी बदलत राहिले. मला म्हणायचं होतं, की तुझी ही गोष्ट मला कळली. म्हणायचं होतं, की तुझं भाग्य मोठं, तू मागितलंस आणि मिळवलंस. उद्या म्हणू, जरा ताप उतरू दे, असं मनात होतं. आता इथे म्हणते. मार्था, मला कळलं गं.

तरी दुकानाचा निकाल यावरून लागत नाही, हे लक्षात घे. तू तुझ्यापुरती बरोबर होतीस. मला घर आहे. चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, ओसरी मोठी आहे. माझ्यापुरतं मास्तर म्हणतात तेच खरं असायला हवं होतं. तुझं मशीन दादांना द्यायचं, दुकानाची किल्ली चाचांना द्यायची, असं मीही धरून चालले होते.

पण गेल्या पंधरवड्यात काय झालं ते ऐक. तू गेलीस आणि मला रडायला वेळ मिळाला नाही. खरं सांगते. चुलीपाशी डोळे भरून आले की मास्तर विचारायचे, सदरा कुठाय. मशीनवर बसले आणि टीप दिसेनाशी झाली की शेजारीण वाटी घेऊन दारात. गिऱ्हाईक बाई तुझ्याबद्दल हळहळायची, आणि मी तिचीच समजूत घालत बसायचे. रात्री पडले की सासूबाईंना खोकला. कुणाचीच चूक नाही. घर आहे, ते हाक मारणारच. पण तुझ्यासाठी माझ्या डोळ्यांतून एकदाही धड पाणी आलं नव्हतं, आणि छातीत धोंडा घेऊन मी भाकऱ्या थापत होते.

काल दुकान आवरायला म्हणून गेले. मागच्या दारानं आत शिरले. बेतून ठेवलेलं कापड गोळा करायचं, निरोप द्यायचा, संपलं, एवढंच मनात होतं. दार आतून लावलं आणि तुझ्या जागी बसले. तिथं मी पहिल्यांदाच बसत होते. पुढं मोटारवाले ओरडत होते, चाचा केळ्यांचा भाव सांगत होते. माझ्याकडं कुणाचंच काही काम नव्हतं.

संध्याकाळी घरी येऊन मी सांगून टाकलं, की दुकान ठेवतेय आणि माझं मशीन तिकडं हलवतेय. मास्तरांनी चुलीवरच्या दुधाकडं पाहिलं. सासूबाईच म्हणाल्या, “जाऊ दे तिला. दूध काय, मला बी बघता येतंय.” आणि वर म्हणाल्या, “मी दुपारची येत जाईन.”

तू जिंकलीस असं मी मुळीच म्हणत नाही. दुकान तिसऱ्या प्रहरी तापतं, मागच्या दाराची कडी नीट बसत नाही, आणि भाडं ते भाडंच. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे, तरी तुझ्या तोंडून ऐकायला मी काहीही दिलं असतं. पण काल तुझ्या जागी बसून मी रडले, मार्था. पदर पुरेना इतकं रडले, मोठ्यानं रडले, मन भरेस्तोवर रडले, आणि मध्ये कुणी मला हाक मारली नाही.